डिंक्याची हजेरी

१० जून

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

बातमी आधीच सांगून टाकते, नाही तर तुम्ही पत्र शेवटाकडून वाचायला लागाल. मोठ्या साहेबांनी माझी योजना मंजूर केली! एक तारखेपासून आपल्या पाचही कारखान्यांत ती लागू होणार, म्हणजे तुमच्याकडेसुद्धा. फळ्यावर जे चिकटवतील ते तुमच्या पुतणीच्या डोक्यातून निघालंय, एवढं ध्यानात असू द्या. मात्र कुणाला सांगू नका. (सांगाल, मला माहीत आहे.)

योजना सोपी आहे. एका टेबलावरच्या सहा जणांची एक साखळी. महिनाभर सहाही जण रोज हजर राहिले तर फळ्यावर त्या साखळीला एक तारा. तीन तारे झाले की प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ. बारा तारे लागोपाठ मिळाले तर ढाल, आणि सहाही जणांना घरच्यांसकट चार दिवस समुद्रावर सहल. एकाचाही खाडा झाला तर साखळी तुटली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

साहेब म्हणाले, "माणूस मालकासाठी येत नाही, शेजारच्यासाठी येतो. हे तुला बरं सुचलं." काका, मला हे कुठून सुचलं सांगू? बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. त्या वर्षी तुम्ही एकही दिवस घरी राहिला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "मी नाही गेलो तर डिंक्याचं टेबल अडतं." तेच वाक्य मी कागदावर नीट मांडलं, बाकी काही नाही.

काकूंना नमस्कार. गुडघा कसा आहे त्यांचा?

तुमची,
ठमा

२ जुलै

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी शेवटाकडून वाचलं नाही. काकूने वाचलं, आणि मला सुरुवात सांगितली.

फळा लागला. आमच्या बाइंडिंग खात्यात अशी गर्दी झाली, जशी काही निवडणुकीची यादीच लागली आहे. कुणाला सांगू नको म्हणालीस, म्हणून मी फक्त टेबलावरच्या पाच जणांना सांगितलं. आता अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे, त्यात माझा काय दोष?

आमची साखळी तुला सांगतो. कटिंग मशीनवर मी. घड्या घालणाऱ्या दोघी, एकमेकींशी बोलत नाहीत पण डबा एकत्र खातात. शिलाईवाल्या बाई. बंडल बांधणारा लांब्या. आणि पुठ्ठ्याला डिंक लावणारा आपला डिंक्या. तू लहान असताना तुझ्या वह्यांवर नाव घालून द्यायचा तो. सव्वीस वर्षं आम्ही एका टेबलावर आहोत. पूर्वी म्हणायचा, "मी ज्याच्या शेजारी बसतो त्याला चिकटतो, धुतलं तरी निघत नाही." खरंच निघाला नाही.

तो सहलीच्या मागे लागलाय. वहिनींनी कधी समुद्र पाहिलेला नाही म्हणे. काल शिलाईवाल्या बाईंना दम देत होता, "बाई, वर्षभर शिंकायचंसुद्धा नाही. शिंक आली तर रविवारी."

एक विचारायचं होतं. घडीवाल्या धाकटीच्या मुलीला काल ताप होता. पोरीला शेजारणीकडे टाकून आली बिचारी. दिवसभर हात चालत होते, लक्ष नव्हतं. आजारपणाला सूट ठेवता येणार नाही का? डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर साखळी तुटली असं धरायचं नाही, असं काही? साहेबांना विचारून बघ. तुला अडचण होणार असेल तर राहू दे.

काकूचा गुडघा तिच्यासारखाच आहे. ऐकत नाही.

तुझा,
काका

१९ जुलै

ती. काका, साष्टांग नमस्कार.

विचारलं साहेबांना. नाही म्हणाले. "एकाला सूट दिली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ताप येतो," असं त्यांचं म्हणणं. आणि काका, एका अर्थी त्यांचंही बरोबर आहे. नियमाला एक भोक पाडलं की त्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही. एक वर्ष जाऊ दे, मग बघू.

पाच कारखान्यांत तुमचं बाइंडिंग खातं पहिलं आहे! काल बैठकीत आकडे वाचले. खाडे निम्म्यावर आले. साहेबांनी विचारलं, "या साखळीत असं आहे तरी काय?" मी म्हटलं, "त्यात माझे काका आहेत." सगळे हसले, पण मला रडूच यायला लागलं होतं. बाबा असते तर, असं वाटून गेलं.

डिंक्याकाकांना सांगा, त्यांच्या समुद्राची जबाबदारी माझी.

तुमची,
ठमा

१५ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस आशीर्वाद.

मध्ये बरेच दिवस पत्र नाही, म्हणून रागावू नकोस. सात तारे झाले. घड्याळ भिंतीवर लावलंय. काकू म्हणते, जुनं बरं होतं, दहा मिनिटं पुढे असायचं.

काम जोरात आहे. शाळा उघडण्याच्या आधीचा माल आत्तापासूनच काढतात, तुला माहीतच आहे. लांब्याचा पाय मुरगळला होता, पंधरा दिवस स्टुलावर बसून त्याने बंडलं बांधली. मोठ्या घडीवालीच्या चुलत भावाचं लग्न झालं, ती गेली नाही. भावाने बोलणं सोडलंय.

डिंक्याचं पित्त वाढलंय. अकराच्या सुमारास कागदाच्या गठ्ठ्यावर जरा टेकतो, घाम पुसतो, परत उठतो. मी म्हटलं दाखवून ये. म्हणाला, "दवाखाना सकाळी दहा ते एक. कारखाना आठ ते पाच. दोघांपैकी एकाने वेळ बदलायला हवी." हसलो आम्ही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली, सहज लिहितो. पूर्वी फाटकाशी भेटलो की एकमेकांना विचारायचो, "बरं आहे ना?" आता सगळे विचारतात, "उद्या येणार ना?" तसा अर्थ एकच म्हणायचा.

बाकी ठीक. तू जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
काका

२२ एप्रिल

चि. ठमास आशीर्वाद.

मंगळवारी डिंक्या गेला. टेबलापाशीच, सव्वाअकराच्या सुमारास. हातात ब्रश होता. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. पित्त नव्हतं.

त्या दिवशी तो नेहमीसारखा कामावर आला होता.

जास्त लिहवत नाही.

काका

३ मे

ती. काका, नमस्कार.

पत्र वाचलं आणि दिवसभर काही सुचलं नाही. माझ्या तिसरीच्या वहीवर त्यांनी काढलेलं ते वळणदार नाव डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही सांभाळा स्वतःला. काकूंना म्हणावं, जवळ बसा त्यांच्या.

साहेबांना मी सगळं सांगितलं. तेही हेलावले, खरंच. म्हणाले, असा माणूस लोकांपुढे यायला हवा. आपल्या मासिकपत्रात त्यांच्यावर एक पान येतंय, मीच लिहिलंय. 'शेवटच्या श्वासापर्यंत हजर' असं शीर्षक दिलंय. बरं नसतानाही सोबत्यांची साखळी तुटू नये म्हणून ते आपणहून आले, कुणी बोलवायचीही गरज पडली नाही, असं लिहिलंय. पाचही कारखान्यांत ते पान भिंतीवर लागेल.

आणखी एक. त्यांचं कार्ड त्या दिवशी पंच झालेलं होतं, म्हणून एप्रिलचा तारा तुमच्या साखळीला मिळणार आहे. पुढचे दोन महिने तुम्ही पाच जण हजर राहिलात तर बारा धरायचे, असं साहेबांनी खास कबूल केलंय. ढाल तुम्हीच घ्यायची. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलाल ना? त्यांचा एक फोटो पाठवा. वहिनींकडे असेल.

मला माहीत आहे, यातल्या कशानेच ते परत येणार नाहीत. पण निदान त्यांचं नाव तरी राहील.

तुमची,
ठमा

११ मे

चि. ठमास,

फोटो पाठवत नाही. ते पान छापू नकोस. का ते लिहितो. चार दिवस कागद समोर घेऊन बसतोय, आता लिहूनच टाकतो.

तू लिहिलंयस, तो आपणहून आला. नाही आला. मी आणला त्याला.

मंगळवारी पावणेआठपर्यंत तो फाटकाशी आला नव्हता. आम्ही पाच जण उभे होतो. शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, "नऊ तारे झालेत हो." लांब्या नुसता घड्याळाकडे बघत होता. डिंक्याचं घर तुला माहीत आहे, फाटकापासून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, "थांबा, घेऊन येतो."

दार उघडंच होतं. तो खाटेवर बसला होता, भिंतीला पाठ टेकून. चेहरा राखेसारखा. वहिनी घरात नव्हत्या, त्याच्यासाठी दवाखान्यात नंबर लावायला गेल्या होत्या. मी विचारलं, "काय रे?"

तो म्हणाला, "आज जमेलसं वाटत नाही. हात जड झालाय."

ठमा, मी त्याचा हात हातात घेऊन बघितला नाही. मी म्हटलं, "अरे, नुसतं कार्ड पंच कर आणि गठ्ठ्यावर बसून राहा. डिंक मी लावतो. नऊ महिने काढलेस, आता अडीच महिन्यांसाठी कुठे सोडतोस?"

तो म्हणाला, "फार नाही वाटत बरं."

तेव्हा मी जे बोललो ते तुला लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "माझ्या पोरीची योजना आहे रे. तिकडे बैठकीत आपलं नाव घेतात. तुझ्यामुळे तिची मान खाली जायला नको."

मग तो उठला. सदऱ्याची बटणं मी लावली, त्याचा उजवाच हात चालत होता. फाटकापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून आला. आम्हाला बघून बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तोसुद्धा हसला. सात अठ्ठावन्नला कार्ड पंच केलं. आणि गठ्ठ्यावर बसून राहायचं कबूल करून तो थोडाच बसणार होता? अर्ध्या तासात ब्रश हातात घेतला.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. काकूलासुद्धा नाही. पण सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवशी सकाळी वहिनींचं आणि त्याचं जरा वाजलं होतं. त्या म्हणत होत्या, आज कुठे जायचं नाही. नंबर लावून परत येतात तर घर रिकामं. त्यांना वाटतंय, तो त्यांच्यावर चिडून निघून गेला. दहाव्या दिवशी बायकांत बसून हेच म्हणत होत्या, "मी जरा गोड बोलले असते तर थांबले असते." मी पलीकडे उभा होतो. सगळं ऐकलं आणि बाहेर आलो.

तुझा दोष नाही, हे आधी ऐक. तू विचारलं होतंस साहेबांना. नियम त्यांचा. पण हाक माझी होती.

काका

२० मे

काका,

मी विचारलं नव्हतं.

जुलैत तुम्ही सूट ठेवण्याबद्दल लिहिलंत तेव्हा मी साहेबांकडे गेलेच नाही. 'एकाला सूट दिली की सगळ्यांना ताप येतो' हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या योजनेचं सगळ्यांपुढे कौतुक केलं होतं. काय म्हणाले होते? "नियमात एकही फट नाही, याला म्हणतात डोकं." दुसऱ्याच दिवशी जाऊन मीच फट मागायची? मला धीर झाला नाही. म्हटलं, काकांना कुठे कळणार आहे. आणि तुम्ही लिहिलं होतंत ना, 'तुला अडचण होणार असेल तर राहू दे'. त्या एका ओळीचा मी आधार घेतला.

तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आजारपणाला सूट हवी. त्यांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "चालेल. डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर खाडा धरू नका. हे आधी का नाही सुचवलंस?"

एवढंच, काका. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी तिथेच बसले. पाणी मागवलं त्यांनी. मग मी सांगितलं, सगळी योजनाच मागे घ्या. ते म्हणाले, "खाडे निम्म्यावर आलेत, आता कशी घेणार? तू थकली आहेस. चार दिवस सुटी घे." ते पानही थांबवता आलं नाही. छापून गठ्ठे रवाना झाले होते. ढालीला डिंक्याकाकांचं नाव द्यायचं ठरलंय. मी नको म्हटलं, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मीच त्यांचा मान नाकारतेय.

तुमच्या खोलीत बसून मी अभ्यास केला, तुमच्या डब्यातलं अर्धं खाल्लं, आणि मोठी होऊन तुमच्या सोबत्याला... नाही लिहिता येत.

वहिनींना खरं सांगायला हवं. तुम्ही म्हणालात तर मी येऊन सांगते. माझा वाटाही आहे त्यात. पण त्यांनी अजून एक दिवसही स्वतःला बोल लावत काढता कामा नये. हे मी तुम्हाला शिकवावं, एवढी माझी लायकी नाही, तरी लिहिते.

ठमा

६ जून

चि. ठमास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मला तुझा राग आला होता. खोटं कशाला सांगू? मग वाटलं, विचारूनही सूट मिळाली नसती, तरी मी त्या सकाळी गेलोच असतो. आणि सूट असती, तर? तरी गेलो असतो का? ते मला सांगता येत नाही. हे न कळणंच आता बरोबर घेऊन राहायचं.

तू येऊ नकोस म्हणालो नाही, पण आधी माझं मला जायचं होतं. सोमवारी सकाळी मी कामावर गेलो नाही. आजारी नव्हतो, चिठ्ठीही नव्हती. साखळी तुटली. दुसऱ्या दिवशी टेबलावर कुणी माझ्याशी बोललं नाही. लांब्या शेवटी म्हणाला, "एकच महिना राहिला होता, काका." बरोबर आहे त्याचं. त्याची मुलं रोज दिवस मोजत होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. बोललोच होतो की.

वहिनी धान्य निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, आज कामावर नाही?" मी बसलो, आणि सगळं सांगितलं. दारात आलो तिथपासून बटणं लावली तिथपर्यंत. तुझंही सांगितलं, आणि तुझ्या नावावर मी त्याला उठवलं तेही. त्यांचे हात थांबले होते. मान वर केली नाही.

मग विचारलं, "म्हणजे माझ्यावर रागावून नव्हते गेले?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. अजिबात नाही."

"माझं नाव काढलं होतं का?"

ठमा, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. सदरा घालून तो उठला तेव्हा दारात थांबला. म्हणाला, "जरा थांबू या. ती येईलच एवढ्यात, तिला सांगून जाऊ." आणि मी म्हटलं, "आठ वाजतील रे. संध्याकाळी सांग."

हे मी त्यांना सांगितलं. जसंच्या तसं.

त्या रडल्या नाहीत. ताट बाजूला ठेवलं, पदर नीट केला. म्हणाल्या, "मी फाटकाजवळच्या वळणापर्यंत आले होते हो तेव्हा. हातात नंबराचा कागद होता. भोंगा वाजलेला ऐकला मी." मग म्हणाल्या, "तुम्ही आता जा. परत यायचं तर या, मी नको म्हणणार नाही. त्या पोरीलाही आणा. पण आज जा."

मी उठलो. चपला घालत होतो, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला.

"थांबले असते ना ते?"

मी म्हटलं, "हो वहिनी. थांबला असता."

तुझा,
काका